गुरुवारचा टोन

भोसरी एमआयडीसीतल्या एका गाळ्यात आमचा स्टुडिओ आहे. डाव्या हाताला पॉवर प्रेसचं वर्कशॉप, उजव्या हाताला फॅब्रिकेशनवाले. शंभर वॅटचा ट्यूब अँप (काचेच्या व्हॅक्यूम नळ्यांवर चालणारा गिटारचा अँप्लिफायर) मोकळेपणाने वाजवायचा तर वस्तीत ते शक्य नाही, म्हणून आम्ही इथे आलो. आतली खोली व्यवस्थित बंद केलेली आहे. प्रेसचे ठोके जमिनीतून थोडे येतात, पण स्पीकरला चिकटून लावलेल्या माइकला त्याचा त्रास होत नाही. या गाळ्याने आम्हाला एका अल्बमच्या वेळी महिनाभर कोड्यात टाकलं होतं. हेवी गिटार रेकॉर्ड करणाऱ्या प्रत्येकाला त्यातलं काही ना काही कामी येईल, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतो.

बँड चार जणांचा, गाणी सहा. ट्यूनिंग ड्रॉप सी (खालची तार सीपर्यंत उतरवलेली), वेग १९० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १९० ठोक्यांच्या आसपास, आणि जवळजवळ प्रत्येक रिफ (परत परत येणारी गिटारची ओळ) पाम म्यूटवर, म्हणजे तळहाताच्या कडेने तारा दाबून मारलेल्या तुटक फटक्यांवर उभी. गिटारिस्टकडे पीव्हीचा ५१५० होता, मामाने अमेरिकेहून आणून दिलेला. १९९२ मध्ये बाजारात आलेला हा अँप मेटलवाल्यांमध्ये का टिकून आहे, हे पहिल्या फटक्यालाच कळतं: १२० वॅट, प्रीअँप आणि फेज इन्व्हर्टर या आधीच्या टप्प्यांना मिळून पाच १२एएक्स७ ट्यूब, शेवटच्या पॉवरच्या टप्प्याला चार ६एल६ ट्यूब. कॅबिनेट बंद पाठीचं, आत चार व्हिंटेज ३० स्पीकर. अँप अमेरिकेतला, म्हणजे १२० व्होल्टचा, म्हणून त्याच्यासोबत २३० चे ११० करणारा एक स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर होता. त्यावर ५०० वॅट लिहिलेलं होतं. मी तो प्लग लावताना पाहिला आणि पुढच्या कामाला लागलो. तिथेच थांबायला हवं होतं.

पहिल्या गाण्याचे ऱ्हिदम (गाण्याला आधार देणाऱ्या गिटारचे ट्रॅक) बुधवारी घेतले. गुरुवारी दुसरं गाणं घेतलं आणि खोलीत सगळ्यांचे चेहरे उजळले. फटका बसला की बसला, मध्ये शांतता, परत फटका. शुक्रवारी तिसरं गाणं सुरू केलं तर परत तोच पचपचीत आवाज. अँपचे नॉब हललेले नाहीत, माइक हललेला नाही, गिटार तीच, केबल तीच.

"दादा, काल होता तसा टोन पाहिजे," गिटारिस्ट म्हणाला.

मी म्हटलं, "काल तुझा हात चांगला चालला होता." ते मी मनापासून म्हटलं होतं, कारण हेवी गिटारच्या आवाजात हाताचा वाटा खरोखर मोठा असतो. पण ते उत्तर चूक होतं.

पुढच्या आठवड्यात मी ट्यूबवर संशय घेतला. जुन्या झालेल्या पॉवर ट्यूब असाच आवाज देतात: खालचा भाग सैल होतो, फटक्याची धार जाते. चार ६एल६ चा नवा जुळवलेला संच मागवला. तो बुधवारी रात्री आला, गुरुवारी सकाळी बसवला, आणि आवाज लख्ख सुधारला. आम्ही निश्चिंत झालो. शुक्रवारी दुपारी परत तेच.

नव्या ट्यूब गुरुवारीच बसवल्या, या योगायोगाने आमचे चार दिवस खाल्ले. दुरुस्ती केल्यावर आवाज सुधारला, म्हणजे दुरुस्तीमुळेच सुधारला, असं मन लगेच धरून बसतं. तो दिवस वेगळा होता का, हा प्रश्नच आम्ही विचारला नाही.

सुटका झाली ती डीआयमुळे. दुसऱ्या गाण्यापासून मी गिटारचा कोरा, अँपमध्ये न गेलेला सिग्नल वेगळ्या ट्रॅकवर घेत होतो. पहिल्या गाण्याला मात्र घाईत तो घेतला नव्हता. एका गुरुवारी दुसऱ्या गाण्याच्या डीआयमधले आठ बार मी रिअँप बॉक्समधून ५१५० मध्ये सोडले आणि रेकॉर्ड केले. माइकचा स्टँड फरशीला टेपने चिकटवून ठेवला, खोलीला कुलूप लावलं. शुक्रवारी सकाळी अकराला तेच आठ बार परत सोडले. आता हात हा मुद्दाच उरला नाही, कारण वाजवणारी फाइल एकच. तरी दोन रेकॉर्डिंग वेगळी निघाली. गुरुवारी "डग, डग" असं तुटक वाजणारं पाम म्यूट शुक्रवारी "डुऊग, डुऊग" वाजत होतं. वेव्हफॉर्म मोठा करून पाहिला तर शुक्रवारचा पहिला टोकदार भाग बुटका, आणि त्यामागून खालच्या सुरांची फुगवटी.

पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यातल्या माणसाला गुरुवार म्हटलं की दुसरं काही सांगावं लागत नाही. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. प्रेस बंद, वेल्डिंग बंद, कॉम्प्रेसर बंद.

मीटर आणला. भिंतीतल्या सॉकेटला शुक्रवारी २११ व्होल्ट होते, आणि शेजारी वेल्डिंगचा ठिणगा पडला की आकडा आणखी खाली जाई. स्टेपडाउनच्या बाहेर, अँप नुसता चालू असताना, १०१. मग गिटारिस्टला सांगितलं, खालची तार पाम म्यूट करून सलग वाजव. तो वाजवायला लागला आणि मीटरवरचा आकडा आमच्या डोळ्यांदेखत घसरत गेला: १००, ९८, ९६. हात थांबवला की परत वर. पुढच्या गुरुवारी हेच मोजलं तर भिंतीत २३३, आणि वाजवताना अँपला १११.

ही सगळी मापं आम्ही बाहेरच्या सॉकेटवर घेतली. ट्यूब अँपच्या आत चारशे-पाचशे व्होल्टची वीज असते आणि बंद केल्यावरही ती कपॅसिटरमध्ये साठून राहते. ज्याला त्यातलं कळतं त्यानेच तो उघडावा.

आता ९६ व्होल्टचा अर्थ काय? ट्यूबच्या पोटात हीटर असतो, त्याला ६.३ व्होल्ट लागतात आणि साधारण १० टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे खाली ५.७ पर्यंत. १२० चे ९६ झाले की हीटरला ५.०४ मिळतात. ट्यूबला नीट ऊबच मिळत नाही. दुसरीकडे, तिच्या प्लेटला मिळणारं उच्च व्होल्टेजही त्याच प्रमाणात, पाचवा हिस्सा, घटतं. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते, त्यामुळे १२० वॅटच्या अँपमधून हिशेबाने पंचाहत्तरच्या जरा वर वॅट उरतात. आवाजाच्या मोठेपणात हा फरक दोनच डेसिबलचा, तो कानाला जेमतेम कळेल. बिघडतं ते वेगळंच. पाम म्यूटचा फटका म्हणजे खालच्या सुरांची एकदम मोठी मागणी. ती आली की छोटा ट्रान्सफॉर्मर दमतो, पुरवठा खाली बसतो, फटक्याचं टोक कापलं जातं, आणि पुरवठा सावरेपर्यंत पुढचा फटका आलेला असतो. १९० च्या वेगात सोळाव्या मात्रा, म्हणजे एका ठोक्यात चार फटके, वाजवल्या तर दोन फटक्यांमध्ये ७९ मिलिसेकंद मिळतात. सावरायला तेवढे पुरत नाहीत.

गिटारिस्टने इथे एक रास्त मुद्दा काढला. "पण एडी व्हॅन हेलन तर व्हेरिअ‍ॅक लावून मुद्दाम व्होल्टेज कमी करायचा ना?" करायचा, आणि ५१५० हा त्या रॉक गिटारिस्टच्याच नावावर निघालेला अँप. पण त्याला हवा होता तो मऊ, बोटांखाली दबणारा, गाणारा आवाज, तोही मार्शल अँपमधून. ज्या लवचिकपणामुळे लीडचा सूर ताणला की सुंदर फुलतो, तोच लवचिकपणा वेगवान पाम म्यूटला चिखलात लोळवतो. व्होल्टेज कमी करणं हा गुन्हा नाही. ते आपल्याला न कळता दिवसागणिक बदलत राहणं, हा घात आहे.

उपाय दोन केले. एक, गाळ्याच्या स्टुडिओच्या लाइनवर सर्व्हो स्टॅबिलायझर. दोन, बुधवार पेठेत तापकीर गल्लीत चौकशी करून एक किलोव्हीएचा नवा स्टेपडाउन बांधून घेतला. त्याला सरळ १२० न काढता ११५ व्होल्ट काढायला सांगितले. कारण अमेरिकेतला ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झच्या हिशेबाने बांधलेला असतो. आपल्या ५० हर्ट्झवर त्याच व्होल्टेजला त्याचा कोअर २० टक्के जास्त भरतो आणि तापतो. ११५ वर हीटरला ६.०४ मिळतात, ते पुरेसे आहेत, आणि अँपवरही ताण थोडा कमी. नव्या ट्रान्सफॉर्मरला तिसरी पिन, म्हणजे अर्थिंग, आरपार ठेवली. जुन्याला ती नव्हतीच. गिटारिस्टच्या हाताला तारांवर मुंग्या येत होत्या आणि तो ते इतके दिवस नेहमीचं म्हणून सोसत होता. तारांना मुंग्या येणं ही नेहमीची गोष्ट नाही. ज्याला येतात त्याने वाजवणं थांबवून आधी अर्थिंग तपासावं. अर्थिंग जोडल्यावर पाठीमागची ५० हर्ट्झची घूंही बरीच गेली.

सर्व्हो संथ असतो. वेल्डिंगमुळे क्षणभर पडणारे खड्डे तो भरू शकत नाही. पण दिवसभर २११ वर बसलेली लाइन तो २३० वर आणून ठेवतो, आणि आमचा मुख्य आजार तोच होता.

हे सगळं झाल्यावर अँपसमोर उभं राहून ऐकलं तर आवाज गुरुवारपेक्षाही घट्ट. मिक्समध्ये टाकला तर मात्र ड्रम आणि बासच्या मध्ये परत गाळ. व्होल्टेजचं कोडं सुटलं होतं, पण त्याच्या आड दुसरं काही लपलेलं होतं.

गिटारिस्टचा गेन, म्हणजे सिग्नल किती चुरगळायचा ते ठरवणारा नॉब, सातवर होता. माझ्या मते हेवी गिटारमधली सगळ्यात महाग पडणारी समजूत ही आहे की जास्त गेन म्हणजे जास्त जड. ड्रॉप सीमध्ये खालची तार ६५.४ हर्ट्झ, तिच्यावरचा पंचम ९८ हर्ट्झ. हे दोन सूर एकत्र ट्यूबमध्ये चुरगळले की त्यांच्या फरकाचा तिसरा सूर तयार होतो: ३२.७ हर्ट्झ, अगदी बासच्या खालच्या सीवर. पॉवर कॉर्डला (मूळ सूर आणि पंचम एकत्र) जो राक्षसी भारदस्तपणा येतो त्यात याचा वाटा आहे. पण गेन जितका जास्त, तितकी ही खालची निर्मिती जास्त आणि तारेवर पिक लागल्याचा आवाज तितका कमी. खालचं नंतर ईक्यूने (ठरावीक सूर कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) कापता येतं, पण खालच्या सुरांनी मधल्या सुरांना एकदा चुरगळलं की ते ईक्यूने सुटे होत नाहीत. म्हणून कापायचं ते या चुरगळण्याच्या, म्हणजे डिस्टॉर्शनच्या, आधी. अँपच्या पुढे ट्यूब स्क्रीमर लावला: ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण, टोन मध्यावर. हा पेडल ७२० हर्ट्झच्या खालचा भाग वरच्यापेक्षा कमी कमी वाढवत नेतो आणि अँपच्या तोंडात आवळलेला सिग्नल देतो. मेटलवाले त्याचा आवाज ऐकायला तो लावत नाहीत, गाळणी म्हणून लावतात. मग अँपचा गेन सातवरून सव्वाचारवर आणला.

गिटारिस्टला हे सहन होईना. "दादा, कोरडं वाटतंय." त्याचं खरं होतं, आणि त्याचं कारण तो कुठे उभा होता यात होतं. कॅबिनेट जमिनीवर, त्याचे कान त्याच्या सव्वा मीटर वर. बारा इंची स्पीकर वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ फेकतो. तो झोत त्याच्या गुडघ्यांना लागत होता. कानापर्यंत पोचत होता तो खालचा भाग आणि भिंतीवरून परतलेला आवाज. म्हणून तो वर्षानुवर्षं ट्रेबल आणि गेन वाढवत आला, आणि माइक मात्र झोताच्या तोंडाशी बसून सगळी किरकिर टिपत होता. त्याला कंट्रोल रूममध्ये आणलं, लांब केबल जोडली आणि स्पीकर मॉनिटरवर, बास आणि ड्रम चालू ठेवून, वाजवायला लावलं. दहा मिनिटांत त्याने स्वतःच गेन आणखी अर्ध्या आकड्याने कमी केला.

तारांचाही एक दोष निघाला. दहा ते सेहेचाळीसचा (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात) नेहमीचा संच त्याने सीपर्यंत सैल केला होता. इतकी सैल तार जोरात मारली की पहिल्या क्षणी सूर वर उडतो आणि मग खाली बसतो. दोन ट्रॅक डाव्या-उजव्या बाजूला टाकले की दोन्हींचं हे उडणं वेगवेगळं, आणि ऐकणाऱ्याला ते बेसूर न वाटता नुसतं गढूळ वाटतं. खालची तार अठ्ठावन्नची घातली, सॅडलवर (तारेच्या खालच्या टेकूवर) इंटोनेशन, म्हणजे मानेवर सगळीकडे सूर बरोबर येणं, परत लावलं, आणि ट्यूनर पाहताना हळू छेडण्याऐवजी गाण्यात मारतो तेवढ्याच जोराने मारून सूर लावायची सवय केली. दर टेकनंतर ट्यूनिंग. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही.

माइक लावायला एक पूर्ण दुपार दिली, आणि सगळ्या महिन्यातलं हे काम मला सगळ्यात आवडलं. चारही स्पीकर वेगवेगळे ऐकले. एकाच मॉडेलचे असूनही खालचा डावा स्पष्टपणे बरा होता. जाळीतून टॉर्च मारून मधली टोपी शोधली आणि तिच्या कडेची खूण जाळीवर खडूने केली. ड्रमरने कानावर जाड मफ्स चढवले आणि तो कॅबसमोर उकिडवा बसला. डीआयचे आठ बार फिरत ठेवले. मी आत हेडफोन लावून टॉकबॅकवरून सांगत होतो: डावीकडे, बोटभर, परत, अर्धं बोट. शुअर एसएम५७ टोपीच्या मधोमध होता तेव्हा आवाज काचेवर नखं ओढल्यासारखा. टोपी आणि कागद जिथे मिळतात त्या कडेवर आणला, आणि जो खरखरीत पण भरीव मधला सूर हवा होता तो समोर आला. तिथून आणखी सेंटीमीटरभर बाहेर सरकवला की आवाज घोंगडी पांघरल्यासारखा मंद. हा सेंटीमीटर म्हणजे मिक्समधला अर्धा ईक्यू. लोक प्लगिन शोधण्यात रात्री घालवतात, आणि हा सेंटीमीटर फुकट असतो.

दुसरा माइक रिबन प्रकारचा लावला, आवाजाला भरीवपणा यावा म्हणून. तो पहिल्यापेक्षा सहा सेंटीमीटर मागे होता. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे सहा सेंटीमीटरला ०.१७५ मिलिसेकंद, आणि दोन्ही माइक सारख्या पातळीवर मिसळले की पहिली खाच (जिथे दोघे एकमेकांना खोडतात) पडते ती २,८५० हर्ट्झच्या आसपास. पिकची धार राहते तिथेच. दोन चांगले माइक मिळून एक वाईट आवाज होतो तो असा. रिबनची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी केली, अँपमधून पिंक नॉइज (सगळे सूर असलेला सलग सरसराट) सोडला आणि एकत्र आवाज जिथे सगळ्यात पातळ होतो तिथपर्यंत रिबन सरकवत नेला. मग पोलॅरिटी परत सुलटी केली. पातळ जितका पोकळ, सुलटा तितका भरीव. नंतर कॉम्प्युटरवर ट्रॅक सरकवूनही हे जमतं, ४८ किलोहर्ट्झला साधारण आठ सॅम्पल, पण हाताने लावलेलं मला जास्त विश्वासाचं वाटतं. शेवटी मिश्रणात ५७ पुढे आणि रिबन सहा डेसिबल मागे ठेवला.

मिक्सबद्दल फार लिहिण्यासारखं उरलं नाही. दोन ऱ्हिदम, दोन्ही खरोखर वेगळे वाजवलेले, पूर्ण डावी आणि पूर्ण उजवी. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर तो मोनोच राहतो, रुंदी येते ती दोन हातांमधल्या बारीक फरकातून. बँडला चार ट्रॅक हवे होते. मी चारही घेतले आणि मग दोन आणि चार अशी मिक्स समान पातळीवर आणून, कोणतं कोणतं ते न सांगता ऐकवली. चौघांपैकी तिघांनी दोनचं निवडलं. एवढ्या वेगात चार ट्रॅकचे फटके एकमेकांवर पसरतात आणि कड बोथट होते. संथ, लांब कॉर्डच्या गाण्याला मी चारच ठेवले असते.

गिटारला ८५ हर्ट्झखाली कापलं, म्हणजे खालच्या तारेचा मूळ सूरच जवळपास काढून टाकला. गिटारिस्टला हे आधी सांगितलं नाही, ऐकवल्यावर सांगितलं. तो सूर बासने द्यायचा. बासचे दोन भाग केले: २०० हर्ट्झखालचा स्वच्छ, दाबून स्थिर केलेला, आणि वरचा डिस्टॉर्शन दिलेला, सातशे ते हजार हर्ट्झला थोडा उचललेला. हा वरचा भाग गिटारमध्ये इतका मिसळून जातो की कुणाला बास ऐकू येत नाही. म्यूट केला की गिटार मात्र एकदम किडमिडीत होते. पाम म्यूटची धप्प फक्त फटक्याच्या वेळी आवरायला ९० ते २२० हर्ट्झच्या पट्ट्यात मल्टिबँड कॉम्प्रेसर (ठरावीक पट्ट्याचाच आवाज दाबणारं साधन) लावला, जास्तीत जास्त चार डेसिबल. ३.६ किलोहर्ट्झजवळ एक शिट्टी होती, ती अरुंद खाचेने कमी केली. दहा किलोहर्ट्झवरचं काढून टाकलं, गिटारच्या स्पीकरमधून तिथे कामाचं काही येत नाही आणि झांजांना जागा लागते. बाकी काही नाही. प्रत्येक गिटार एकटी ऐकली तर बारीक आणि जरा रागीट वाटते. सगळं एकत्र सोडलं की भिंत उभी राहते.

राहिलं पहिलं गाणं. त्याचा डीआय नव्हता, बुधवारच्या पडक्या व्होल्टेजवरचा ट्रॅक तेवढा होता. तो ईक्यूने सावरायचा मी दोन रात्री प्रयत्न केला. वरचा सूर आणता आला, पण कापला गेलेला फटका परत आणता आला नाही. गिटारिस्टला फोन केला. तो म्हणाला, "गुरुवारी येतो."

मी त्याला मंगळवारी सकाळी अकराला बोलावलं. शेजारचा प्रेस ठोकत होता, फॅब्रिकेशनवाल्या काकांचं वेल्डिंग जोरात होतं. मीटर अँपशेजारी ठेवला होता. त्याने खालची तार दाबून रिफ सुरू केली आणि पूर्ण गाणंभर माझी नजर आकड्यावर होती. ११५, ११४, ११५. दुसरा टेक ठेवला, मग उजव्या बाजूचा घेतला. तेव्हापासून आमच्या सेशन शीटवर ट्यूनिंग, माइक आणि नॉबच्या आकड्यांच्या वर पहिला रकाना व्होल्टेजचा आहे.